दावणीचा बैल आणि देवाची काळजी

करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला इ.स. 50 ते 60 या दशकात लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात ख्रिस्ती प्रेषित पौलाने मोशेच्या नियमशास्त्रातील एका छोट्या आज्ञेचा दाखला दिला आहे. खळ्यावर मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये, म्हणजे पायाखालच्या कणसांना तोंड लावण्याची त्याला मोकळीक असावी, अशी ती आज्ञा असून ती जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात येते. धर्मकार्य करणाऱ्याचा निर्वाह त्या कार्यातूनच व्हावा हा पौलाचा मुद्दा होता, आणि तो पटवताना त्याने असा प्रश्न केला की ही आज्ञा देताना देवाच्या मनात खरोखर बैलांची काळजी होती काय. उत्तर नकारार्थीच येणार हे त्याने गृहीत धरले होते, कारण आज्ञेचा खरा रोख माणसांकडे आहे असे त्याला म्हणायचे होते. बैलाविषयी जे खरे ते माणसाविषयी अधिकच खरे, एवढेच पौलाला सुचवायचे होते असा सौम्य अर्थ काही भाष्यकार लावतात. तथापि वाक्याची ठेवण पाहता ती सारवासारव वाटते.

पौल या मताचा एकटाच नव्हता. अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वचिंतक फिलो, जो वयाने पौलाहून मोठा पण त्याचा समकालीन होता, त्यानेही यज्ञपशू निर्दोष असावा या नियमाचे विवेचन करताना असे प्रतिपादन केले की नियमशास्त्र बुद्धिहीन प्राण्यांसाठी नसून बुद्धी असणाऱ्यांसाठी आहे; गंमत अशी की याच फिलोने दुसऱ्या एका ग्रंथात मुसक्याची आज्ञा प्राण्यांविषयीच्या दयेचा नमुना म्हणून वाखाणली आहे. हे दोघेही मोठ्या व्यापारी शहरांत वावरणारे होते, पौल तर तंबू तयार करण्याच्या धंद्यावर पोट भरत असे, आणि बैल आपल्याच छपराखाली बांधलेला असणे ही त्यांच्या नित्याच्या जगण्यातली गोष्ट नव्हती. उलट ज्याला उद्देशून ती आज्ञा मुळात दिली गेली, तो डोंगराळ प्रदेशातला इस्राएली शेतकरी जनावरांबरोबर एकाच घरात राहत होता, आणि देवाला बैलांची काळजी आहे काय हा प्रश्न त्या घरातून पाहिला असता त्याचे रूपच पालटते.

या घराची रचना पुरातत्त्वज्ञांना आता चांगली ठाऊक आहे. इ.स.पू. सुमारे 1200 पासून इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त करीपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा शतके, या प्रदेशात एकाच आराखड्याची घरे पुन्हा पुन्हा बांधलेली आढळतात, आणि अभ्यासक त्यांना चार दालनांचे घर म्हणतात. तेल बेत मिर्सिम, तेल एन-नस्बे, हासोर, बैर-शेबा अशा अनेक स्थळांच्या उत्खननांत ती सापडली असून यिगाल शिलो या संशोधकाने 1970 साली त्यांवर जो लेख लिहिला तो आजही आधारभूत मानला जातो. मागच्या भिंतीला लागून एक आडवे दालन, त्याच्यापुढे एकमेकांना समांतर अशी तीन उभी दालने, आणि मधल्या दालनापासून बाजूची दालने वेगळी करणारी दगडी खांबांची रांग, असा साधारण आराखडा असे. मधल्या दालनाची जमीन चोपलेल्या मातीची, तर बाजूच्या दालनांची पुष्कळदा गोट्यांची फरसबंदी केलेली असते, आणि काही घरांत दोन खांबांच्या मधोमध दगडाच्या गव्हाणी जागच्या जागी मिळाल्या आहेत. लॉरेन्स स्टेगर यांनी 1985 साली प्राचीन इस्राएलातील कुटुंबसंस्थेवर लिहिलेल्या निबंधात याचा अर्थ असा लावला की तळमजल्यावर जनावरे आणि साठवण, तर माळ्यावर माणसांचे राहणे व झोपणे अशी विभागणी होती, आणि गोट्यांची फरसबंदी मूत्र फटींतून मुरून जावे यासाठी होती. बाजूची दालने निव्वळ कोठारे होती असे मानणारेही अभ्यासक आहेत, आणि प्रत्येक घराला एकच खुलासा लागू पडेल असे नाही. परंतु पॅलेस्टाईनच्या अरब खेड्यांतील घरांची बारकाईने नोंद ठेवणारे गुस्ताफ डालमान यांच्या विसाव्या शतकातील ग्रंथमालेतही एकाच खोलीत उंच ओट्यावर माणसे, खालच्या भागात जनावरे आणि ओट्याच्या कडेला गव्हाणी अशी मांडणी दिसते. त्या डोंगरांत हिवाळा पावसाचा आणि बोचऱ्या थंडीचा असतो, म्हणून जनावरांच्या अंगची ऊब वर राहणाऱ्यांच्याही उपयोगी पडत असणार.

घराचे छत म्हणजे धाबे होते: लाकडी तुळयांवर फांद्या आणि गवत अंथरून त्यावर मातीचा जाड थर चोपलेला असे. या धाब्यावर जवस वाळत घालीत, उन्हाळ्यात झोपत, प्रार्थनेसाठीही वर जात. यरीहोच्या राहाबने इस्राएली हेरांना धाब्यावर पसरलेल्या जवसाच्या ताटांखाली दडवले होते, आणि नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा केलाच पाहिजे, नाहीतर कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, अशी आज्ञा ‘अनुवाद’च्या बाविसाव्या अध्यायात आहे. खाली अंगणात मातीची भट्टी, जमिनीत खोदून चुन्याचा गिलावा दिलेले पाण्याचे टाके, आणि पाट्या-वरवंट्यासारखे दळणाचे दगड, ज्यांवर घरातील बाईला गुडघे टेकून, पुढेमागे अंग झोकत रोजचे पीठ करावे लागे, ही त्या संसाराची मुख्य सामग्री होती. हे दगड कर्जापोटी गहाण ठेवून घेऊ नयेत असे नियमशास्त्र सांगते, कारण ते गेले की घराचे जगणेच थांबे. कठडा, दळणाचा दगड आणि बैलाचे मुसके या गोष्टी एकाच ग्रंथात थोड्याथोड्या अंतरावर येतात, याला कारण आहे. नियम सांगणाऱ्याच्या नजरेपुढे एक विशिष्ट घर आहे, आणि तो त्या घरातून फिरतो आहे.

या घराच्या आत कोणते प्राणी होते आणि बाहेर कोणते, हेही पाहण्यासारखे आहे. शेळ्यामेंढ्या सर्वांत अधिक, नांगराला आणि मळणीला बैल, ओझ्याला गाढव. उंटाचा पाळीव प्राणी म्हणून सर्रास वापर या प्रदेशात इ.स.पू. दहाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला असे अलीकडच्या हाडांच्या अभ्यासातून दिसते, त्यामुळे अब्राहामाच्या कथांतील उंट कथा लिहिणाऱ्यांच्या काळातून आले असावेत असे अनेक संशोधक मानतात. डुकराची हाडे डोंगरी इस्राएली वस्त्यांत जवळजवळ सापडत नाहीत. तेल रेहोव येथे तर 2007 साली भर नगरात कच्च्या मातीच्या, एकावर एक रचलेल्या सुमारे तीस पोळ्यांची रांग सापडली, म्हणजे मधमाश्यादेखील तटबंदीच्या आत पाळल्या जात होत्या. आज अनेकांच्या घरात ज्याला पहिला मान, तो कुत्रा मात्र त्या घराबाहेरचा होता: रानात फाडलेल्या जनावराचे मांस त्याला टाकून द्यावे असे ‘निर्गम’ सांगतो आणि शिवी म्हणूनही त्याचेच नाव येते. तोबीतच्या पुस्तकात प्रवासाला निघालेल्या मुलामागून जाणारा कुत्रा हा एक सुखद अपवाद, आणि मेजाखालचे तुकडे खाणाऱ्या घरच्या कुत्र्यांचा दाखला येशूपुढे देणारी बाई इस्राएली नव्हती, ग्रीक होती. थोडक्यात, घरातले जनावर म्हणजे कामाचे व दुभत्याचे जनावर.

हे केवळ उत्खननाच्या आधारे केलेले अनुमान नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात पराभवाच्या आदल्या रात्री शौल राजा वेष पालटून एन-दोर येथील भूतविद्या जाणणाऱ्या बाईकडे जातो, तिथे आपल्या मृत्यूचे भाकीत ऐकून जमिनीवर कोसळतो, आणि दिवसभर त्याच्या पोटात अन्न नाही हे पाहून ती त्याला जेवायचा आग्रह करते. कथाकार एवढेच नोंदवतो की तिच्या घरात एक पुष्ट वासरू होते. घरात म्हणजे गोठ्यात की खोलीत याचा खुलासा करण्याची त्याला गरज वाटत नाही. ती लगबगीने वासरू कापते, पीठ मळून बेखमीर भाकरी भाजते, आणि राजा व त्याची माणसे जेवून त्याच रात्री निघून जातात. ज्या बाईने घरात वाढवलेले जनावर वाईट बातमी घेऊन निघालेल्या पाहुण्यासाठी मारले, तिच्याविषयी ग्रंथकार एकही कठोर शब्द काढीत नाही, जरी तिची विद्या नियमशास्त्राने निषिद्ध ठरवलेली होती.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील नाथान संदेष्ट्याचा दाखला याच्या पुढे जातो. उरीयाच्या बायकोचे हरण करून उरीयाला रणात मारवणाऱ्या दावीद राजापुढे नाथान एका गरिबाची हकीकत मांडतो, ज्याच्याजवळ एकच लहान मेंढी होती, जी त्याच्या मुलांबरोबर वाढली, त्याच्याच घासातले खाई, त्याच्याच पेल्यातले पिई, त्याच्या कुशीत निजे आणि त्याला मुलीसारखी होती. शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी आपल्या कळपातले जनावर न घेता तीच मेंढी नेऊन रांधली. हे रूपक आहे हे दावीदाच्या ध्यानात येत नाही. तो ही खरीच फिर्याद समजतो, संतापतो, त्या माणसाला मरणाला पात्र ठरवतो आणि चौपट भरपाई फर्मावतो, जी मेंढीच्या चोरीसाठी ‘निर्गम’मध्ये सांगितलेलीच भरपाई आहे. दावीद स्वतः मेंढपाळाचा पोर होता. कुशीत निजणारी मेंढी त्याला अजब वाटली असती तर नाथानाचा सापळा पहिल्याच वाक्याला फसला असता. ज्या समाजात अशी फिर्याद राजाला खरी वाटते, त्या समाजात जनावराला केवळ मालमत्ता मानलेले नाही, हे उघड आहे.

या पार्श्वभूमीवर नियम वाचले म्हणजे त्यांत रूपक शोधण्याची निकड उरत नाही. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा सातवा दिवस, विश्रांतीचा का, याची कारणे नियमशास्त्रात एकाहून अधिक दिली आहेत, पण ‘निर्गम’च्या तेविसाव्या अध्यायात दिलेले कारण असे की बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा आणि दासीच्या मुलाला व परक्याला हुशारी यावी, घरधन्याच्या स्वतःच्या विसाव्याचा तिथे कारण म्हणून उल्लेखही नाही. शत्रूचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तर त्याला सोडवायला हात लावावा. बैल व गाढव एका जुवाला जुंपू नयेत. गाय किंवा मेंढी आणि तिचे पिलू एकाच दिवशी मारू नये, आणि नवजात पिलू सात दिवस आईजवळ राहू द्यावे. दया हा शब्द या नियमांत सहसा येत नाही. ते दावे कधी सोडायचे, ओझे कसे उतरवायचे, कोणाला कोणाबरोबर जुंपायचे एवढेच सांगतात, जसे ते कठड्याविषयी आणि दळणाच्या दगडाविषयी सांगतात.

मात्र याच घरात जनावर मारले जाई, आणि हा पेच नियमशास्त्राने लपवलेला नाही. ‘उत्पत्ति’च्या पहिल्या अध्यायात माणसाला आणि पशूंना दोघांनाही वनस्पतींचाच आहार नेमून दिला आहे; मांस खाण्याची मुभा जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात मिळते, तीही रक्त न खाण्याच्या अटीवर, कारण रक्त म्हणजे जीव असे मानले होते. त्यापुढच्याच ओळींत देव जो करार करतो तो नोहा व त्याच्या वंशजांबरोबर आणि तारवातून उतरलेल्या पशुपक्ष्यांबरोबरही करतो, म्हणजे ज्यांना खाण्याची परवानगी दिली त्यांनाही करारात सामील करून घेतो, आणि हा विरोध मिटवण्याचा काहीही प्रयत्न ग्रंथात नाही. ‘लेवीय’च्या सतराव्या अध्यायाप्रमाणे बैल, मेंढरू किंवा शेळी वेदीपाशी न आणता मारली तर ते मारणाऱ्याने रक्तपात केला असे धरले जाते. ‘अनुवाद’च्या बाराव्या अध्यायाला हे कडक बंधन दूरच्या गावांसाठी सैल करावे लागले आणि आपल्या गावी जनावर मारण्याची परवानगी द्यावी लागली, पण रक्त मात्र पाण्यासारखे जमिनीवर ओतायचे होते. आधुनिक वाचकाला वेदी ही क्रूरतेची जागा वाटते. त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ती घरातले जनावर मारण्यासाठी देवाकडून परवानगी मागण्याची जागा होती, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

मारक्या बैलाचा कायदा या संदर्भात विशेष बोलका आहे. इ.स.पू. 1750 च्या सुमाराच्या, बाबेलचा राजा हम्मुराबी याच्या संहितेत रस्त्याने जाणाऱ्या बैलाने कोणाला भोसकून मारले तर दावा चालत नाही, आणि बैल मारका असल्याची सूचना मिळूनही मालकाने त्याला आवरले नाही, तर ठरावीक चांदी भरली की प्रकरण मिटते. ‘निर्गम’च्या एकविसाव्या अध्यायात मात्र बैलाला दगडमार करून मारावे आणि त्याचे मांस कोणी खाऊ नये असे सांगितले आहे, म्हणजे मालकाचे नुकसान पूर्ण आणि बैलाचा मृत्यू हा कत्तल नसून शिक्षा. मोशे ग्रीनबर्ग यांनी 1960 साली याचा अर्थ असा लावला की माणसाचा जीव पैशात मोजता येत नाही हे तत्त्व इथे बैलालाही लागू होते, कारण ‘उत्पत्ति’प्रमाणे माणसाच्या रक्ताचा हिशेब पशूकडूनही घेतला जाणार आहे; जे. जे. फिंकेलस्टीन यांना मात्र त्यात विश्वाच्या उतरंडीतील पायरी मोडल्याचा दंड दिसला. कोणताही अर्थ घेतला तरी ज्याच्याकडून जाब मागता येतो त्याला निव्वळ वस्तू म्हणता येत नाही, आणि शब्बाथाचा हक्क व दगडमाराची शिक्षा या दोन्ही गोष्टी बैलाच्या वाट्याला येतात त्या तो घराच्या हिशेबातला आहे म्हणून येतात.

हे घर मोडू लागल्याची खूणही बायबलमध्येच आहे. तकोवाचा गुराखी आमोस इ.स.पू. आठव्या शतकात उत्तरेकडील राज्यातल्या धनिकांवर तुटून पडतो, ते हस्तिदंती पलंगांवर लोळत कळपातली कोकरे आणि गोठ्यातली वासरे खातात म्हणून. त्या राज्याची राजधानी शोमरोन येथील 1930 नंतरच्या उत्खननात हस्तिदंताच्या कोरीव पट्ट्या खरोखरच मिळाल्या. आमोसाचा राग मांसावर नाही, ते ज्याच्या गोठ्यातून आले त्याचा विसर पडण्यावर आहे. शहरात जनावर ताटात दिसते, दावणीला दिसत नाही, आणि मग पौलासारखा प्रामाणिक माणूसही आज्ञेतील बैल हे केवळ निमित्त आहे असे सहज म्हणून जातो.

नव्या कराराची एकंदर साक्ष पौलाच्या बाजूने नाही. शब्बाथाच्या दिवशी बैलाला किंवा गाढवाला गव्हाणीपासून सोडून पाण्यावर कोण नेत नाही, हा येशूचा युक्तिवाद लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे, आणि तो ज्यांना केला ते सारे आपापल्या घरच्या दावणीला ओळखणारे लोक होते. मत्तयात दोन चिमण्या एका नाण्याला, तर लूकमध्ये पाच चिमण्या दोन नाण्यांना विकल्या जातात. हिशेब केला तर पाचवी चिमणी वरकड म्हणून फुकट टाकलेली आहे, आणि नेमकी तीही देवाला विसरता येत नाही असे सांगितले आहे. येशूच्या जन्मकथेतील गव्हाणदेखील गावाबाहेरच्या गोठ्यातली मानण्याचे कारण नाही, कारण गव्हाण घरातच असे. तिच्याजवळ बैल व गाढव उभे करण्याचे काम लूकने केलेले नाही, ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून पुढच्या ख्रिस्ती कलेत आले.

पुढच्या परंपरेत हा वाद कधी मिटला नाही. इ.स. 200 च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या ज्यू संहितेत, देवाची करुणा पक्ष्याच्या घरट्यापर्यंत पोचते असे प्रार्थनेत म्हणणाऱ्याला गप्प करावे असा नियम आहे, आणि त्याचे एक स्पष्टीकरण असे की घरट्याविषयीची आज्ञा ही आज्ञा म्हणून पाळायची, तिला करुणेचे कारण चिकटवायचे नाही. बाराव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदीस यांनी उलट लिहिले की पिलावरची आईची माया बुद्धीतून येत नाही, म्हणून ती माणसात आणि पशूत सारखीच असते. तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनी पशुदयेचा मुख्य उपयोग माणसाचे मन माणसांविषयी मऊ करण्यात पाहिला, म्हणजे प्रश्न पुन्हा पौलाच्या वळणावर आणला.

महाराष्ट्राशी या वादाचा एक खरा धागा आहे. कोकणातील, प्रामुख्याने आजच्या रायगड जिल्ह्यातील, बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाच्या घाण्यावर जगला, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. समाजाच्या स्वतःच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून त्यांचे पूर्वज आले तेव्हा धर्मग्रंथ त्यांच्या हाती उरले नव्हते. सुंता, काही प्रार्थना, आहाराचे नियम आणि शब्बाथ एवढे राहिले. पौलाने विचारलेला प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहण्याचा संभव नव्हता. घाण्याला जुंपलेल्या बैलाला मात्र शनिवारी जुवाखाली मान द्यावी लागत नसे, मग तेल्याने तो दिवस देवासाठी पाळला असो, स्वतःसाठी असो वा केवळ बापजाद्यांची रीत म्हणून असो.